आपोआप विरणारी गाठ आणि माकडांकडे नसलेलं जनुक

आजची गोष्ट एका गाठीची आहे. आकाराने साधारण द्राक्षाएवढी, फार तर लिंबाएवढी. कातडीच्या लगेच खाली असते, बऱ्याचदा कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. आणि ती होते कुणाला? जास्त करून वीस ते चाळीस या वयातल्या लोकांना. म्हणजे हा भाग बसमध्ये, लोकलमध्ये कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांच्याच वयाला.

समजा, हातावर काहीतरी टणक लागतंय. पहिल्या आठवड्यात वाटाण्याएवढं होतं, तीन आठवड्यांत तिप्पट झालं. दाबलं की थोडं दुखतं. डॉक्टर म्हणतात, तुकडा काढून तपासू. तुकडा लॅबमध्ये जातो, पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात, तर आत पेशींची नुसती धावपळ. लांबट पेशी, अस्ताव्यस्त पसरलेल्या, जागोजागी एकीच्या दोन होताना दिसतायत. गाठ वेगाने वाढलेली, पेशी वेगाने विभागतायत, कडा नीट आखलेल्या नाहीत. कॅन्सरची सगळी लक्षणं हजर.

आणि तरीही तो कॅन्सर नाही. काही केलं नाही तरी कित्येकदा ही गाठ काही आठवड्यांत, काही महिन्यांत विरून जाते. तिचं नाव 'नोड्युलर फॅसायटिस'.

नावाची थोडी फोड करू, कारण या सगळ्या इतिहासाची गंमत नावातच लपलेली आहे. घरी मटण साफ करताना मांसावरचं पातळ, पांढरट पडद्यासारखं आवरण बघितलं असेल. तसंच आपल्याही स्नायूंवर असतं, त्याला म्हणतात फॅशिया. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिसमधला तोच तो. म्हणजे नाव सांगतं की ही फॅशियाला आलेली गाठीसारखी सूज आहे. कुठेतरी काहीतरी लागलं, शरीराने जरा जास्तच प्रतिक्रिया दिली, झालं.

नावातली ही कल्पना चुकीची निघाली. पण ते कळायला ५६ वर्षं लागली.

आधी १९५५ साल. त्या काळात हाताला किंवा पायाला मऊ ऊतींचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा झाला, तर उपचार काय? बऱ्याचदा सरळ तो अवयवच कापायचा. हात वाचवून फक्त गाठ काढली आणि वर रेडिएशन दिलं तर चालतं का, याचा नीट तुलना करणारा अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून प्रसिद्ध झाला १९८२ मध्ये. तोपर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, रिपोर्टवर 'सार्कोमा' हा एक शब्द आला की माणूस हात गमावू शकत होता. म्हणून ही गोष्ट फक्त मायक्रोस्कोपवाल्यांच्या आपसातल्या वादाची नाही. कागदावर कुठला शब्द लिहायचा, एवढ्याच गोष्टीवर एखाद्या पंचविशीतल्या माणसाचा हात राहणार की जाणार हे ठरत होतं.

१९५५ मध्ये कॉनवेलर, कीझबी आणि कॅप्लान या तिघांनी एका अमेरिकन पॅथॉलॉजी नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की सार्कोमासारख्या दिसणाऱ्या काही गाठी प्रत्यक्षात सार्कोमा नसतात. त्यांनी नावातच 'स्यूडोसार्कोमॅटस' असा शब्द घातला, म्हणजे सार्कोमाचं सोंग घेतलेली. सोंग हा आपला शब्द इथे अगदी फिट बसतो. सोंग घेणारा वाघासारखा दिसतो, डरकाळीही फोडतो, पण चावत नाही.

पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यांनीही हे पडताळून बघितलं. १९६१ मध्ये प्राइस आणि सहकाऱ्यांनी ६५ केसेस मांडल्या. १९६२ मध्ये हटर, स्ट्यूअर्ट आणि फूट यांनी ७० केसेस मांडल्या, आणि नुसत्या मांडल्या नाहीत, तर त्या रुग्णांचं पुढे काय झालं याचा माग काढला. गाठ निरुपद्रवी असल्याचं पाठपुराव्यातून सिद्ध झालं, हे त्यांनी थेट शीर्षकातच लिहून टाकलं. वैज्ञानिक निबंधाचं शीर्षक सहसा इतकं ठाम नसतं. समोरून केवढा विरोध अपेक्षित असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

मग १९८२ मध्ये बर्नस्टीन आणि लॅटेस यांनी १३४ केसेस तपासल्या आणि एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली. काढलेली गाठ परत आली, तर आधीचं निदान पुन्हा तपासा, कारण खरी नोड्युलर फॅसायटिस सहसा परत येत नाही.

मला हा टप्पा फार आवडतो. हातात काय होतं यांच्या? मायक्रोस्कोप, काचेच्या पट्ट्या आणि रुग्णांची यादी. जनुक नाही, कॉम्प्युटर नाही. तो माणूस जिवंत आहे का, गाठ परत आली का, हे वर्षानुवर्षं विचारत राहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण पेशी कितीही भयंकर दिसल्या तरी माणूस ठणठणीत आहे, हे फक्त असंच कळू शकतं. काचेच्या पट्टीवर फक्त त्या दिवशीचा फोटो मिळतो, पुढच्या पाच वर्षांचं काही कळत नाही.

तर 'ही धोकादायक नाही' हा निकाल बरोबर होता. पण मग आहे काय ही? इथे सगळ्यांनी एक सोपं उत्तर धरलं. जखमेला दिलेली प्रतिक्रिया. म्हणजे नेमकं काय? तर जखम भरताना जशा नव्या पेशी येऊन जागा भरतात, तसंच काहीतरी, पण अतिरेकी. पटण्यासारखं होतं. गाठीत दाहाच्या पेशी सापडतात, सांडलेल्या रक्तपेशी सापडतात, काही रुग्णांना तिथे मार लागल्याचंही आठवतं. आता आठवण्याचं म्हणाल, तर 'इथे कधी लागलं होतं का?' असं कुणी दोनदा विचारलं की प्रत्येकाला काही ना काही आठवतंच. दार लागलं होतं, बाइकचं हँडल लागलं होतं. तरीही बहुतांश रुग्णांना मार लागल्याचं आठवत नव्हतंच.

खरं कारण जरा वेगळं होतं. रुपर्ट विलिस नावाचे ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट होते. ट्यूमरची, म्हणजे आपण मराठीत अर्बुद म्हणतो त्याची, त्यांनी केलेली व्याख्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी पाठ केली. थोडक्यात तिचा अर्थ असा, की वाढ सुरू करणारं कारण संपल्यावरही जी वाढ थांबत नाही, ती अर्बुद. आता ही व्याख्या डोक्यात ठेवून आपली गाठ बघा. ती तर थांबते. वर विरूनही जाते. म्हणजे व्याख्येनुसार ती अर्बुद असूच शकत नाही. राहिलं काय? प्रतिक्रिया. पुरावा असा फारसा नव्हता. दोनच खाने होते, एकात बसेना म्हणून दुसऱ्यात टाकली.

आता दुसरा धागा, गुणसूत्रांचा. थोडा वेळ गाठ बाजूला ठेवू.

१९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक छोटंसं विचित्र गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते काय आहे हे उलगडलं. नववं आणि बाविसावं गुणसूत्र तुटून एकमेकांचे तुकडे अदलाबदल झालेले होते. तुटलेल्या जागी दोन वेगळी जनुकं एकमेकांना चिकटतात, आणि त्या जोडजनुकातून कॅन्सर सुरू होतो. इथून एक समज पक्का होत गेला, की जनुकं अशी जोडली गेली म्हणजे कॅन्सर.

या समजाला धक्का दिला चरबीच्या गाठीने, म्हणजे लायपोमाने. तीच ती, काकांच्या पाठीवर वीस वर्षं असते आणि कुणी विचारलं की ते 'काही नाही रे, चरबी आहे' म्हणतात. १९८० च्या दशकात या अगदी निरुपद्रवी गाठींमध्येही गुणसूत्रांची ठरावीक अदलाबदल दिसली आणि १९९५ मध्ये त्यामागचं एचएमजीए-२ हे जनुक सापडलं. म्हणजे जनुकं जोडली गेली तरी कॅन्सर होईलच असं नाही. पण लायपोमा निदान एक नियम पाळत होता. आला की राहतो. निघून जात नाही.

आता आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र. १९८० च्या दशकात युइंग सार्कोमा या हाडांच्या कॅन्सरमधला डीएनए काढून उंदराच्या पेशींत घातला गेला. त्या पेशी बेबंद वाढायला लागल्या. त्यांच्यात जे मानवी जनुक सापडलं त्याला 'ट्री' असं नाव पडलं, पुढे 'ट्री-२', आणि आज त्याचं अधिकृत नाव आहे यूएसपी-६. सगळ्यांना वाटलं असेल, सापडला गुन्हेगार! पण १९९२ मध्ये युइंग सार्कोमाचं खरं कारण दुसरंच निघालं, वेगळ्याच दोन जनुकांची जोडणी. यूएसपी-६ लटकत राहिलं. पेशी बिघडवू शकतं हे माहीत, पण नेमकं कुठल्या आजारात ते करतं, हे कुणालाच माहीत नाही.

२००३ मध्ये या जनुकाबद्दल एक भन्नाट गोष्ट समोर आली. पॉल्डिंग, रुव्होलो आणि हेबर यांनी ते वेगवेगळ्या प्राण्यांत शोधलं. ते माणसात आहे, चिंपांझीसारख्या वानरांत आहे. पण माकडांत नाही. देवळाबाहेर तुमच्या हातातला प्रसाद पळवणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाकडे ते नाही, उंदराकडे नाही, गाईकडे नाही. साधारण २.१ ते ३.३ कोटी वर्षांपूर्वी आपल्या आणि वानरांच्या सामाईक पूर्वजांमध्ये डीएनएचे तुकडे कॉपी होताना दोन जुनी जनुकं एकमेकांना चिकटली आणि यूएसपी-६ जन्माला आलं. म्हणजे हे जनुक स्वतःच एका जोडणीतून झालेलं आहे. शरीरात ते मुख्यतः वृषणात काम करतं, बाकी ठिकाणी जवळजवळ गप्प असतं.

हे गप्प असणं लक्षात ठेवा.

मधल्या काळात हाडांच्या डॉक्टरांकडे एक वेगळंच कोडं होतं. 'अ‍ॅन्युरिझ्मल बोन सिस्ट', म्हणजे हाडात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅफे आणि लिक्टेनस्टाइन यांनी तिचं वर्णन केलं होतं. तिलाही कित्येक वर्षं मार लागल्यामुळे किंवा रक्तप्रवाह बिघडल्यामुळे होणारी प्रतिक्रियाच मानत. पण १९९९ मध्ये तिच्यात सोळाव्या आणि सतराव्या गुणसूत्राची अदलाबदल वारंवार दिसली. २००४ मध्ये आंद्रे ऑलिव्हेरा आणि बोस्टनमधल्या सहकाऱ्यांनी तुटलेली जागा शोधली, तर सतराव्या गुणसूत्रावर कोण बसलेलं? आपलं यूएसपी-६. आणखी महत्त्वाचं म्हणजे हा बिघाड त्या गाठीतल्या लांबट पेशींमध्येच होता, आसपास जमलेल्या दाहाच्या पेशींमध्ये नव्हता. म्हणजे मूळ पेशी कुठल्या आणि गर्दी करणारे बघे कोण, हे पहिल्यांदाच वेगळं दिसलं.

हाडातली ती गाठ आणि हातावरची आपली गाठ. दोन्ही भराभर वाढतात. दोन्हींत तशाच लांबट पेशी आणि सांडलेलं रक्त दिसतं. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ऑलिव्हेरांच्या गटाने तोच प्रश्न नोड्युलर फॅसायटिसला विचारला. २०११ मध्ये उत्तर आलं. ४८ गाठी तपासल्या, त्यातल्या ४४ मध्ये यूएसपी-६ तुटलेलं होतं. ९२ टक्के. आणि ते ज्याला जाऊन चिकटलं होतं ते जनुक होतं बाविसाव्या गुणसूत्रावरचं एमवायएच-९.

हे चिकटल्याने होतं काय, ते बघू. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, तो ठरवतो की हे जनुक कधी आणि किती चालू राहणार. एमवायएच-९ हे पेशीच्या हालचालीसाठी लागणारं प्रथिन बनवतं, त्यामुळे त्याची लाइन कायम चालू. यूएसपी-६ च्या घरात मात्र अंधार. आता गुणसूत्रं तुटून जोडली गेली की यूएसपी-६ शेजारच्या चालू लाइनवर आकडा टाकतं. गावाकडे विजेच्या तारेवर आकडा टाकतात ना, अगदी तसं. जनुकात स्वतःमध्ये फारसा बदल होत नाही, फक्त फुकटची वीज मिळते आणि जिथे कधी दिवा लागायचा नाही तिथे रात्रंदिवस हॅलोजन पेटतो. पेशी विभागत सुटते.

यूएसपी-६ भरमसाट बनवणाऱ्या पेशी त्यांनी उंदरांमध्ये सोडल्या, तर तिथे नोड्युलर फॅसायटिससारख्या दिसणाऱ्या गाठी झाल्या.

आता जुन्या दोन खान्यांकडे परत या. साधी सूज असेल तर शेकडो वेगवेगळ्या पेशी हाकेला धावून येतात, प्रत्येक आपापल्या घरची. पण गाठीतल्या पेशींत तीच दोन जनुकं जोडलेली सापडतात, तेव्हा अर्थ एकच. कुठल्यातरी एका पेशीत अपघात झाला आणि बाकीच्या तिच्या लेकी, नाती, पणती आहेत. हे अर्बुदच. मग विरतं कसं? शोधकर्त्यांनी त्यासाठी नवाच शब्द वापरला, 'ट्रान्झियंट निओप्लेझिया'. तात्पुरतं अर्बुद. विलिस यांच्या व्याख्येत अशा गोष्टीला जागाच नव्हती. माझ्या मते या सगळ्या शोधातली मोठी गोष्ट जनुक सापडणं ही नाहीच. दोन खाने पुरत नाहीत, हे मान्य करावं लागलं, ती मोठी गोष्ट.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण 'जनुकीय' म्हटलं की आपल्याकडे घरात लगेच कुजबुज सुरू होते. स्थळं बघणं चालू असेल तर विचारूच नका. हा बदल आईवडिलांकडून आलेला नाही आणि मुलांकडे जाणार नाही. तो जन्मानंतर, हातातल्या एका पेशीत झालेला अपघात आहे. तुमच्या रक्तात, बीजात तो नसतो. गाठ गेली की तोही गेला.

२०११ नंतर जुन्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या. लहान बाळांच्या कवटीवर येणारी 'क्रॅनियल फॅसायटिस', कंडरांच्या आवरणावरच्या काही पेशीबहुल गाठी, बोटांवरच्या काही गाठी, यांच्यातही यूएसपी-६ निघालं. 'मायोसायटिस ऑसिफिकन्स' हे नाव फुटबॉल किंवा कबड्डी खेळणाऱ्यांनी ऐकलं असेल. मांडीला जोरात मार बसतो आणि काही आठवड्यांत स्नायूत हाडासारखं टणक काहीतरी तयार होतं. तिच्याही अनेक केसेसमध्ये हेच जनुक. मार लागल्याचा इतका स्पष्ट इतिहास असलेल्या गाठीतही जनुक तुटलेलं! मग माराचा काहीच संबंध नाही का? असू शकतो. जखम भरताना पेशी भराभर विभागतात, आणि विभागणीच्या घाईतच डीएनए तुटण्याचे अपघात जास्त होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणि रुग्णाला याचा उपयोग काय? तर आता फिश नावाची एक तपासणी आहे. यूएसपी-६ च्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा चमकणारा रंग लावतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके एकावर एक येऊन पिवळे दिसतात. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या ट्यूमर वर्गीकरणातही नोड्युलर फॅसायटिसच्या निदानाला मदत करणारी खूण म्हणून यूएसपी-६ चा हा बदल नोंदलेला आहे. सुईने काढलेल्या छोट्याशा तुकड्यावर पॅथॉलॉजिस्टला शंका आली, तर थेट मोठं ऑपरेशन करण्याऐवजी ही तपासणी करता येते, आणि काही वेळा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायचं असंही ठरवू शकतात. १९५५ च्या आधी ज्याचा हात गेला असता, तो आज गाठ विरायची वाट बघत घरी बसू शकतो.

पण तपासणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. ४८ पैकी ४ गाठींत काही सापडलं नव्हतं, हे विसरू नका. आणि २०१६ मध्ये एक अपवादही नोंदला गेला. नोड्युलर फॅसायटिससारखीच दिसणारी, पण खरोखर पसरणारी गाठ. तिच्यात यूएसपी-६ दुसऱ्याच एका जनुकाला चिकटलं होतं आणि वर त्याच्या भरमसाट प्रती झाल्या होत्या. नुसता आकडा टाकला नव्हता, अख्खा ट्रान्सफॉर्मरच घरात आणून ठेवला होता म्हणा ना. असं प्रकरण अतिशय दुर्मीळ, पण त्यामुळेच हातावर भराभर वाढणारी गाठ आली तर 'पॉडकास्टवर ऐकलंय, जाते आपोआप' म्हणून बसू नका. ती गाठ कुठली आहे हे मायक्रोस्कोपखालीच कळतं. डॉक्टरांना दाखवा.

राहिला शेवटचा प्रश्न. विरते का? पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. पण एक रंजक दिशा मिळाली आहे. यूएसपी-६ पेशीला वाढायला लावतं, त्याच वेळी ते दाहाचे संदेशही मोठ्याने सोडतं. म्हणजे चोर घरात शिरतो आणि स्वतःच अलार्म वाजवतो. गाठीत सापडणाऱ्या ज्या दाहाच्या पेशींमुळे जुन्या लोकांनी हिला 'फॅसायटिस' म्हटलं, त्या कदाचित या अलार्मला आलेल्या असतील. हे तपासायला अलीकडे काही प्रयोग झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींत मुद्दाम यूएसपी-६ घातलं, तर त्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जास्त सहज बळी पडायला लागल्या. आणि त्या पेशी कुठल्या होत्या माहितेय? युइंग सार्कोमाच्या. जिथल्या डीएनएमधून चाळीसेक वर्षांपूर्वी हे जनुक पहिल्यांदा हाती लागलं होतं, त्याच कॅन्सरच्या.